झालं

महाप्याच्या चौथ्या मजल्यावर भिंतीला तीन रकाने:
करायचंय. चालू आहे. झालं.
निळ्या टेपने आखले होते एका प्रशिक्षकाने,
तीन दिवस आला, उभ्यानेच बोलला,
आणि जाताना म्हणाला, आता तुम्ही चपळ झालात.

चपळ म्हणजे निवटी, घरत म्हणाला,
आमच्या दिव्याच्या खाडीतली. हाताला लागते का कधी?
सगळे हसले. मीही हसलो.
माझ्या खणात अजून ती गुंडाळी होती,
सतरा महिन्यांचा आराखडा, उलगडला तर
पॅन्ट्रीपासून लिफ्टपर्यंत जाईल,
त्यातला पहिला आठवडा तेवढा खरा ठरलेला.

काम तसं साधं. तुर्भ्याच्या एका शीतगृहाचा हिशेब:
कुठली पेटी कुठल्या खोलीत, किती अंशावर,
थंडावा घटला तर कुणाला फोन.
रोज सव्वानऊला आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे.
काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय का.
रेजी म्हणे, नाही. झुबेर म्हणे, नाही.
प्रणोती दोन आठवडे एकाच चिठ्ठीखाली उभी,
आणि तीही म्हणे, नाही.
मी विचारायचो तेच मुळी घड्याळाकडे बघत.

रात्री एसी बंद झाला की चिठ्ठ्यांचा डिंक सुटायचा.
सकाळी साडेसातला फुलाबाई गवारे फरशी पुसायला येत,
गळालेल्या चिठ्ठ्या उचलत, फुंकर मारत,
आणि जिथे जागा मोकळी तिथे, नीट ओळीत, चिकटवत.
मोकळी जागा एकाच रकान्यात होती.

त्या शुक्रवारी अकरा कामं झाली.
अहवाल वर गेला. वरून अंगठा आला,
मागोमाग पेढ्यांचा बॉक्स, आणि
हा वेग बाकीच्या टीमनाही शिकवा, असा निरोप.
आम्ही त्याच भिंतीसमोर पेढे खाल्ले.
प्रत्येकाला वाटलं, आपलं एक सोडून
उरलेली दहा कुणीतरी केलीच असणार.

सोमवारी शीतगृहातून फोन.
सहा नंबरच्या खोलीत पडद्यावर चार अंश,
आणि आत लोणी मऊ पडलेलं.
तो इशारा द्यायचं काम भिंतीवर झालेलं होतं,
प्रणोतीच्या अक्षरात.

आधी मी फुलाबाईंना बोलावलं.
हे लिहायला नको होतं, पण बोलावलं.
त्यांनी पदराला हात पुसले, भिंत वरून खाली पाहिली.
जागा होती म्हणून लावल्या, साहेब.
पण तुम्ही रोज सकाळी इथेच उभे असता ना सगळे?
मग बघता काय?

खिडकीबाहेर पारसिकचा कापलेला डोंगर.
कुणीतरी तिकडे बघत राहिलं, बहुतेक मीच.
मग प्रणोती म्हणाली, मला ते जमत नाहीये.
पहिल्या दिवसापासून.
रेजीने तिच्यासाठी खुर्ची ओढली.
उभं राहायचं असतं, असं कुणी म्हणालं नाही.
झुबेर म्हणाला, माझंही तिथेच अडलंय, मला वाटलं तिला विचारलं तर तिला लागेल.

दुपारी तिघं रिक्षाने तुर्भ्याला गेले, स्वेटरशिवाय,
सहा नंबरच्या खोलीत वीस मिनिटं कुडकुडले,
आणि पाहिलं की हमाल पेटी खांद्यावर घेतो
तेव्हा दार किती वेळ उघडंच राहतं.
हे कुठल्या चिठ्ठीवर नव्हतं. माझ्या गुंडाळीत तर नव्हतंच.

पुढच्या शुक्रवारी दोनच कामं झाली.
मागची अकरा झाली नव्हती, तेही मी कळवलं.
वरून काहीच आलं नाही.
घरतने तेव्हा निवटीचं राहिलेलं सांगितलं:
त्याची मावशी तिच्यामागे पळायची नाही.
चिखलात बसायची, बिळात कोपरापर्यंत हात,
आणि बोटांना काय लागतंय तेवढंच बघायची.

डिंक अजून सुटतो.
फुलाबाई आता चिठ्ठ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतात,
एकावर एक, वर डस्टरचं वजन.
सव्वानऊला पहिला प्रश्न, ही कुणाची?
आणि कुणीतरी हात वर करतं.

काल एक हिरवी चिठ्ठी कुणीच घेईना.
हातोहात फिरली, परत कट्ट्यावर आली.
चष्मा लावून पाहिलं.
अक्षर माझं होतं.